सैन्यदलांना औषधपुरवठा: दरकरार, डेपो, बिलं. जाणकारांचं मार्गदर्शन हवं आहे

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी,

आमचं गोळ्या-कॅप्सूलचं लहान युनिट आहे. डब्ल्यूएचओ-जीएमपी, म्हणजे चांगल्या उत्पादनपद्धतीचं प्रमाणपत्र आहे, उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी 'लघु' गटात आहे. आजवर बरंचसं काम थर्ड पार्टीचं, म्हणजे दुसऱ्यांच्या ब्रँडसाठी माल बनवून द्यायचा. थोडा माल स्वतःच्या नावाने जेनेरिकच्या घाऊक बाजारात जातो. पॅरासिटामॉल, पँटोप्राझोल, मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, सेट्रिझिन ही नेहमीची औषधं. नव्या शेड्यूल एमसाठी, म्हणजे औषधनिर्मितीच्या दर्जाच्या सरकारी नियमांसाठी, प्लँटवर बराच खर्च झाला आहे. तेव्हा भरवशाचं गिऱ्हाईक हवं आहे, आणि सैन्यदलांच्या औषधखरेदीत उतरावं असं मनात आहे.

मेहुणा म्हणतो, सरकारी पैसा अडकतो, नादी लागू नकोस. वडिलांचं मत नेमकं उलटं. ते म्हणतात, जवानाला चांगली गोळी देता येत असेल तर नफा दोन पैसे कमी झाला तरी चालेल. मला दोघांचंही पटतं, म्हणून गोंधळ आहे.

नक्की खरेदी कोण करतं, दरकरार आणि ऑर्डर यात फरक काय, सर्वांत कमी दराच्या मारामारीत दर्जा टिकतो का, आणि पैसे कधी मिळतात? ज्यांनी हे काम केलंय किंवा पलीकडच्या बाजूला बसून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

शिवनेरी

सैन्यदलांच्या औषध भांडारात बरीच वर्षं नोकरी केली, आता निवृत्त आहे. जे जाहीर आहे आणि निविदेत छापलेलं असतं, तेवढंच लिहितो.

तिन्ही दलांची वैद्यकीय सेवा एका छत्राखाली आहे: सशस्त्र दल वैद्यकीय सेवा महासंचालनालय, बोलताना डीजीएएफएमएस. मोठे दरकरार तिथून होतात. माल उतरतो तो सशस्त्र दल वैद्यकीय भांडार डेपोंमध्ये. दिल्ली छावणी, मुंबई, लखनौ ही त्यातली मोठी नावं. डेपोतून तो पुढच्या डेपोंना, तिथून रुग्णालयांना आणि मग युनिटच्या एमआय रूमपर्यंत, म्हणजे छोट्या दवाखान्यापर्यंत जातो.

पहिला शब्द शिका तो पीव्हीएमएस. ही औषधांची आणि वैद्यकीय सामानाची किमतीसह यादी. प्रत्येक वस्तूला क्रमांक असतो आणि सगळा व्यवहार त्या क्रमांकावर चालतो. यादीत नसलेल्या वस्तूला एनआयव्ही म्हणतात. तुमची गोळी पीव्हीएमएसमध्ये असेल तर मागणी दर वर्षी येणारच. एनआयव्ही असेल तर एखाद्या रुग्णालयाच्या तज्ज्ञाने मागितली तरच.

आता दरकरार. नवीन माणूस सर्वाधिक फसतो तो इथे. दरकरार म्हणजे ऑर्डर नव्हे. अमुक मुदतीत अमुक दराने माल द्यायला मी बांधील आहे, हे तुम्ही लिहून देता. किती माल घेणार याची हमी सरकार देत नाही. दरकरार झाल्यावर डेपोसारखे मागणी करणारे अधिकारी, ज्यांना आम्ही डीडीओ म्हणायचो, ते गरजेप्रमाणे सप्लाय ऑर्डर काढतात. ती हातात पडली की तारीख सुरू. दरकरार झाला म्हणून कच्चा माल भरून ठेवला आणि ऑर्डर उशिरा आली, किंवा ऑर्डर आली आणि कच्चा माल नव्हता, अशा दोन्ही तऱ्हांनी अडचणीत आलेले पुरवठादार मी पाहिलेत.

तिसरा मार्ग स्थानिक खरेदीचा. डेपोत माल नसेल तर रुग्णालय आपल्या आर्थिक अधिकारात बाजारातून घेतं. मध्यवर्ती खरेदी वेळेत होत नाही म्हणून स्थानिक खरेदी फुगते, हा मुद्दा कॅगनेही मांडलेला आहे. स्थानिक खरेदी महाग पडते आणि लहान रुग्णालयाला प्रत्येक बॅच तपासणं जमत नाही. म्हणून मध्यवर्ती पुरवठा करणाऱ्याने तारीख पाळणं ही फार मोठी गोष्ट आहे. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

---

सायली_म

वाचतेय. माहितीपूर्ण धागा. यातलं काहीच माहीत नव्हतं.

---

मालधक्का

मी निर्माता नाही, वितरक आहे. रुग्णालयांच्या स्थानिक खरेदीत माल देतो. शिवनेरीकाकांनी चित्र नीट मांडलंय, त्यात माझ्या बाजूची थोडी भर.

आता बरीच खरेदी जेम, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवर होते. जेम २०१६ साली सुरू झालं आणि जीएफआर २०१७, म्हणजे केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतल्या नियम १४९ प्रमाणे जे तिथे मिळतं ते केंद्र सरकारच्या खात्यांनी तिथूनच घ्यायचं. मोठ्या निविदा संरक्षण खात्याच्या स्वतंत्र ई-प्रोक्युअरमेंट पोर्टलवरही येतात. दोन्हीकडे नोंदणी करा आणि डिजिटल सही तयार ठेवा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी फाइल चढवायला बसू नका.

इंद्रायणीकाठ, तुम्ही निर्माते आहात हा तुमचा मोठा फायदा आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी २०१२ चा खरेदी धोरण आदेश आहे: वार्षिक खरेदीतला किमान २५% वाटा त्यांच्याकडून, निविदा अनामत माफ, आणि सर्वांत कमी दर मोठ्या कंपनीचा असेल व तुमचा दर त्याच्या १५% च्या आत असेल, तर त्या दराला उतरून ऑर्डरचा काही भाग मिळवायची संधी. हे सगळं स्वतः उत्पादन करणाऱ्याला. आम्हा व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते खरी, पण तिचा उपयोग फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. बरेच वितरक उद्यमचा कागद जोडून अनामत भरत नाहीत आणि तांत्रिक फेरीतच बाद होतात.

वितरकामार्फत जायचं ठरलंच तर त्या निविदेचा क्रमांक घालून निर्मात्याचं अधिकारपत्र द्या. जुनं, सर्वसाधारण पत्र बहुतेक ठिकाणी चालत नाही.

---

पिंपळपान

मी औषध कंपनीच्या क्यूसीमध्ये, म्हणजे दर्जा तपासणीत काम करते, सरकारी पुरवठ्याच्या बॅचेस रोज हाताखालून जातात. दर काय लावायचा ते तुमचं तुम्ही ठरवालच, दादा. मी मालाबद्दल लिहिते.

सरकारी निविदांमध्ये नेहमी आढळणारी अट अशी: माल पोहोचेल तेव्हा त्याच्या एकूण मुदतीचा पाच षष्ठांश भाग शिल्लक हवा. २४ महिन्यांची मुदत असेल तर २० महिने शिल्लक, म्हणजे उत्पादनापासून डेपोच्या दारापर्यंत तुमच्या हातात चारच महिने. त्यात पॅकिंग आलं, तुमची स्वतःची चाचणी आली, एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आला, वाहतूक आली. सूक्ष्मजीव चाचणी घाई केली म्हणून लवकर संपत नाही. स्थिरता अभ्यास पूर्ण करून ३६ महिन्यांची मुदत रीतसर मंजूर झालेली असेल तर सहा महिने मिळतात, खूप मोकळं होतं. तुमच्या कुठल्या औषधाची मुदत किती, हा तक्ता आधी करा आणि मग निविदा उघडा.

ही अट जाचक वाटते, पण तिच्यामागे भूगोल आहे. लडाखकडे जाणारे खिंडीतले रस्ते हिवाळ्यात बंद होतात, म्हणून बर्फ पडण्याआधीच पुढच्या कित्येक महिन्यांचा साठा वर चढवून ठेवतात. डेपोत माल आला, तपासला गेला, पुढच्या डेपोला गेला, तिथून ट्रकने वर, मग कधी हेलिकॉप्टरने किंवा पाठीवरून चौकीपर्यंत. एवढं झाल्यावर तो तिथे अख्खा हिवाळा टिकला पाहिजे. तिथल्या जवानाला 'ही पट्टी संपली, उद्या दुसरी आणतो' म्हणण्याची सोय नाही.

थंडी औषधाला काय करते ते एकदा डोळ्यांनी पाहावं. २०% मॅनिटॉलची बाटली गार जागी राहिली की आत सुयांसारखे पांढरे स्फटिक धरतात. कोमट करून ते पूर्ण विरघळल्याशिवाय वापरता येत नाही, आणि चढवताना फिल्टरचा सेट लागतो. इन्सुलिन एकदा गोठलं की गेलं. वितळल्यावर वरून ठीक दिसलं तरी टाकूनच द्यायचं. धनुर्वाताच्या लशीचंही तसंच, गोठली की निकामी. लोक कोल्ड चेन म्हणजे फक्त गार ठेवणं समजतात. २ ते ८ अंशांमधला तो २ उंचावर ८ पेक्षा महत्त्वाचा ठरतो.

गोळ्यांना उष्णता आणि ओलावा जास्त छळतो. राजस्थानच्या उन्हात उभ्या ट्रकमधला खोका आणि मुंबईच्या पावसाळ्यातलं गोदाम, दोन्ही एकाच बॅचच्या नशिबी येऊ शकतात. ब्लिस्टरच्या फॉइलवर पैसे वाचवू नका. ओलावा शोषणाऱ्या औषधाला अलु-अलु, म्हणजे दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचं पॅकच हवं, निविदेत लिहिलेलं नसलं तरी. बाहेरचा खोका किती पदरी, पट्टी कशी मारायची, खोक्यावर पीव्हीएमएस क्रमांक, बॅच, तारखा कुठे छापायच्या हे सगळं ऑर्डरमध्ये असतं. पट्टीवर 'संरक्षण पुरवठा, विक्रीसाठी नाही' अशा अर्थाचा शिक्का मागतात. शिक्का मारलेला माल नाकारला गेला तर तो बाजारात विकता येत नाही, हेही हिशेबात धरा.

---

रानवारा

सगळं ठीक आहे, पण मूळ दुखण्यावर कोणी बोलत नाही. सर्वांत कमी दरवाल्यालाच ऑर्डर, हीच पद्धत चुकीची आहे. औषध म्हणजे खुर्च्या-टेबलं नाहीत. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात काय झालं? ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघालं आणि १४ रुग्ण दगावले. डोळ्यांवरचा आणि मेंदूवरचा दाब कमी करायला दिलेल्या औषधाने मूत्रपिंडं निकामी केली. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून एफडीएपर्यंत (अन्न व औषध प्रशासन) सगळ्यांची लक्तरं वेशीवर टांगली. इतकी वर्षं झाली तरी आपण अजून पैशापैशाने दर मोजतोय. सैन्याला तरी उत्तमातली उत्तम कंपनी बघून माल घ्यावा.

---

शिवनेरी

रानवारा, तळमळ समजते आणि जे.जे.चं उदाहरण योग्यच आहे. पण त्या अहवालाचा रोख नीट पाहा. तिथे कमी दर हा एकच प्रश्न नव्हता. औद्योगिक वापराचा माल औषध म्हणून आत आला, पुरवठादाराची पात्रता कोणी पाहिली नाही, चाचणी झाली नाही आणि ज्यांनी अडवायचं त्यांनी अडवलं नाही. तोच माल दुप्पट दराने घेतला असता तरी माणसं गेलीच असती.

निविदा दोन लिफाफ्यांची असते. आधी तांत्रिक: उत्पादन परवाना, जीएमपी, ते औषध काही वर्षं बनवून विकत असल्याचा दाखला, उलाढाल, एफडीएचं नॉन-कन्व्हिक्शन (शिक्षा झालेली नसल्याचं) प्रमाणपत्र, कुठल्या खात्याने काळ्या यादीत टाकलेलं नाही याचं शपथपत्र. यातून जे तरतात त्यांचेच दर उघडतात. म्हणजे 'कमीत कमी दर' हा पात्र ठरलेल्यांमधला कमीत कमी. पहिली चाळणी ढिली ठेवली की सगळं ढासळतं. तेव्हा भांडायचं असेल तर तांत्रिक अटी कडक करा म्हणून भांडा, प्लँट प्रत्यक्ष जाऊन पाहा म्हणून भांडा. 'मोठी कंपनी' हा निकष लावला तर इंद्रायणीकाठसारखे प्रामाणिक लहान निर्माते बाहेर पडतील, आणि मोठं नाव म्हणजे दर्जाची हमी असं कुठे आहे? सीडीएससीओ, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रण संस्था, दर महिन्याला अप्रमाणित औषधांची यादी काढतं, ती चाळा. लहान-मोठी सगळी नावं दिसतात.

---

रानवारा

प्लँट पाहणीचा मुद्दा मान्य. पण दर इतके खाली गेले की निर्माता कुठेतरी कात्री लावणारच, हे माझं म्हणणं कायम आहे. ज्या दरात घटकद्रव्याचीही किंमत निघत नाही, तो दर आला की खरेदी करणाऱ्यानेच विचारायला हवं की बाबा, हे तू कसं जमवणार?

---

शिवनेरी

विचारतात. असामान्य कमी दर आला की त्याची फोड लेखी मागवता येते आणि पटली नाही तर बोली नाकारता येते, खरेदीच्या नियमपुस्तिकेत ती सोय आहे. ती किती वापरली जाते, हा तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे. माझ्या मते ती आणखी वापरायला हवी.

---

निवृत्त_सुभेदार

राम राम. मी या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला आहे, गोळी खाणारा. माजी सैनिकांच्या आरोग्यासाठी २००३ साली सुरू झालेल्या ईसीएचएस योजनेचा सदस्य. रक्तदाब आणि साखर दोन्ही आहे.

योजनेच्या पॉलिक्लिनिकच्या रांगेत बहुतेक माझ्याच वयाचे किंवा थोरले. काहीजण दूरच्या खेड्यातून एसटीने येतात. खिडकीवर चिठ्ठी दिली की चार औषधांपैकी तीन मिळतात आणि चौथ्यापुढे एनए लिहून मिळतं, म्हणजे उपलब्ध नाही. मग अधिकृत केमिस्टकडून यायची वाट बघा किंवा पुन्हा या. खिडकीवरची मुलगी बिचारी काय करणार, डेपोतूनच आलेलं नसतं.

दुसरी गोष्ट. आमची रोजची गोळी या महिन्यात पांढरी गोल, पुढच्या महिन्यात गुलाबी लांबट. आमच्या ओळखीच्या एका वहिनींनी यजमानांना जुनी आणि नवी अशा दोन्ही टेल्मिसार्टन दिल्या, कारण रंग वेगळा म्हणजे औषध वेगळं असं त्यांना वाटलं. चक्कर येऊन पडले, थोडक्यात वाचले. कंपनी बदलणार हे मान्य. पण पट्टीवर औषधाचं नाव मोठ्या अक्षरात, जमलं तर हिंदीतही, आणि प्रत्येक गोळीच्या मागे दिसेल असं छापता येईल का? पट्टी कापून देतात तेव्हा नाव एका तुकड्यावर जातं आणि तारीख दुसऱ्या.

इंद्रायणीकाठ, तुम्ही या कामात या. पण आलात तर मधेच सोडून जाऊ नका. ऑर्डर घेऊन माल न देणारा पुरवठादार म्हणजे आमच्यासाठी ते एनए.

---

पिंपळपान

काका, प्रत्येक कप्प्यामागे नाव छापणं शक्य आहे. फॉइलच्या छपाईचा सिलिंडर तसा बनवून घ्यायचा, एवढंच. एकदाच होणारा खर्च. बॅच आणि तारीख मात्र ओळीवर छापली जाते, ती प्रत्येक कप्प्यावर आणणं लहान युनिटला जड जातं. पण नाव आणि मात्रा नक्की येऊ शकते. इंद्रायणीकाठदादा, हे तुम्ही आपणहून करा. अट नसली तरी कोणी अडवणार नाही.

---

खतावणी

पैशांचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. लहान औषध कंपन्यांचे हिशेब बघतो.

जेमवरची खरेदी असेल तर माल मिळाल्यावर खरेदीदाराने दहा दिवसांत स्वीकृती प्रमाणपत्र, म्हणजे सीआरएसी, द्यायचं आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे, असा नियम आहे. डेपोच्या ऑर्डरला वाट लांब. माल आला, नमुने काढले, तपासणी झाली, मग डेपो बिल पुढे पाठवतो आणि पैसे काढतं ते संरक्षण लेखा खात्याचं कार्यालय, आपल्या बोलण्यातलं सीडीए. ऑर्डर क्रमांक, पीव्हीएमएस क्रमांक, बॅचवार नग, कर, बँक तपशील यातला एक आकडा इकडचा तिकडे झाला की बिल आक्षेपासह परत. माझ्या एका अशिलाचं बिल बॅच क्रमांकातल्या एका आडव्या रेघेवरून परत आलं होतं. बिल पाठवण्याआधी ऑर्डरशेजारी ठेवून दोन माणसांनी वाचायचं, ही शिस्त लावा.

सूक्ष्म-लघु निर्मात्याला २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचं संरक्षण आहे. करारात काहीही लिहिलं तरी स्वीकृतीपासून ४५ दिवसांच्या पुढे पैसे लांबवता येत नाहीत. लांबवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज. त्यासाठी ऑनलाइन तक्रार करता येते. सरकारी गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करायला लोक कचरतात, पण आधी कायद्याचा उल्लेख करून एक सभ्य पत्र लिहिलं की पुष्कळदा फाइल हलते.

उशिराचा दंड: नेहमीचं कलम आठवड्याला ०.५%, कमाल ५%. समजा २० लाखांची ऑर्डर तीन आठवडे उशिरा गेली. १.५% म्हणजे ३० हजार रुपये बिलातून कापले. या धंद्यातला नफा पाहता हे लहान नाही. शिवाय माल दिलाच नाही तर दुसरीकडून घेऊन फरक तुमच्याकडून वसूल करण्याचं कलम असतं. अनामत माफ असली तरी ऑर्डर मिळाल्यावरची कामगिरी हमी माफ नसते. ती बँक हमी सगळ्या जबाबदाऱ्या संपल्यावरही ६० दिवस चालू ठेवावी लागते. बँकेत तेवढे पैसे अडकले असं धरूनच दर काढा.

नियमपुस्तिका बदलली आहे हेही लक्षात घ्या. औषधं महसुली, म्हणजे रोजच्या वापराच्या मालाच्या खरेदीत येतात, त्यासाठी २००९ ची संरक्षण खरेदी नियमावली होती. तिच्या जागी १ नोव्हेंबर २०२५ पासून नवी लागू झाली. जुन्या निविदेचा नमुना कोणी दिला तर त्यातली कलमं आजच्या निविदेशी ताडून बघा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५% झाला. कर वगळून दर द्यायचा की धरून, हे निविदेत नीट वाचा. कच्च्या मालावर जास्त कर भरून विक्रीवर कमी लावलात तर क्रेडिट साचतं, त्याच्या परताव्यासाठी अर्ज करावा लागतो. तोही अडकलेला पैसाच.

---

इंद्रायणीकाठ

मंडळी, मनापासून आभार. काल रात्री मुदतींचा तक्ता केला. आमच्या पाच औषधांपैकी तिघांची मुदत ३६ महिने आहे, दोघांची २४. पिंपळपानताई म्हणाल्या तसं पाहिलं तर त्या दोघांना चार महिन्यांत डेपोला पोहोचवणं आमच्या सध्याच्या पॅकिंग लाइनवर ओढाताणीचं आहे. ती दोन तूर्त बाजूला ठेवतोय.

सुभेदारकाका, फॉइलच्या सिलिंडरचं कालच बोललो. टेल्मिसार्टनपासून सुरुवात करू.

दोन शंका. घाऊक बाजारात आम्ही कधीकधी कमी दराने माल सोडतो. फॉल क्लॉज नावाचं कलम त्यात आडवं येईल का? आणि आमची औषधं सरकारी कंपन्यांसाठी राखीव आहेत का, हे कुठे कळतं?

---

खतावणी

फॉल क्लॉजचा अर्थ असा की सरकारला दिलेल्या दरापेक्षा कमी दराने तोच माल दुसऱ्या कोणाला विकला तर सरकारलाही तो कमी दर द्यायचा. नेहमीच्या मसुद्यात काही अपवाद असतात, त्यातले तीन: निर्यात, मूळ उपकरणाचा भाग म्हणून कमी दराने दिलेला माल, आणि मुदतीची तारीख असलेल्या औषधांसारख्या मालाची विक्री. तिसरा तुमच्या कामाचा. पण तुमच्या निविदेत तो छापलेला आहे का ते पाहा. नसेल तर घाऊक बाजारातले दर आधी सावरा, मग सही करा. बिलासोबत 'कमी दराने विकलेलं नाही' असं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते खोटं निघालं तर प्रकरण पैशापुरतं राहत नाही.

आणखी एक. खरेदीदाराला त्याच दराने ५०% पर्यंत जादा माल मागायचा हक्क असणारं कलम असतं. दर काढताना कच्चा माल दीडपट घ्यावा लागेल असं धरून पुरवठादाराशी बोला. २०२० साली चीनकडून येणारा घटकद्रव्यांचा माल अडकला आणि सरकारने पॅरासिटामॉलसह २६ घटकद्रव्यं व औषधांच्या निर्यातीवर बंधनं घातली, तेव्हा जुन्या दराने बांधलेल्यांची काय अवस्था झाली ते तुम्हाला सांगायला नको.

---

मालधक्का

राखीव औषधांचं मी सांगतो. २०१३ च्या औषध खरेदी धोरणात १०३ औषधांची यादी आहे. ती केंद्राच्या खात्यांनी सरकारी औषध कंपन्यांकडून, एनपीपीए, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणारं केंद्राचं प्राधिकरण, ठरवेल त्या दराने घ्यायची. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स त्यातलीच, १९५४ सालची, देशातलं पहिलं पेनिसिलिन बनवणारी. त्या कंपन्या पुरवू शकल्या नाहीत तर खरेदी इतरांकडे येते. यादी सार्वजनिक आहे, आपली औषधं त्यात आहेत का ते पाहा. असतील तर त्यांच्यावर फार मदार ठेवू नका.

---

पिंपळपान

अजून एक राहिलं. नमुना अप्रमाणित आला तर हातपाय गाळू नका आणि वादही घालत बसू नका. औषध निरीक्षकाने काढलेल्या नमुन्यावर सरकारी विश्लेषकाचा अहवाल आला आणि तो मान्य नसेल, तर अहवालाची प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांत लेखी कळवावं लागतं. मग नमुना केंद्रीय प्रयोगशाळेकडे जाऊ शकतो. हे २८ दिवस फाइल शोधण्यात जातात. प्रत्येक बॅचचे राखीव नमुने, बॅच रेकॉर्ड आणि वाहतुकीतल्या तापमानाची नोंद एकाच जागी ठेवा. आणि दोष खरंच आपला असेल तर ती बॅच जिथे जिथे गेली तिथून परत बोलवा, कोणी सांगायची वाट न बघता. वरच्या चौकीवर गेलेला खोका परत आणणं किती अवघड आहे याची कल्पना करा. म्हणून माल सोडतानाच हात आखडता घ्यायचा.

---

शिवनेरी

इंद्रायणीकाठ, दोन औषधं बाजूला ठेवलीत हे योग्य केलंत. पुढचं सांगतो.

पहिल्या वर्षी मोठ्या दरकरारात उडी घेऊ नका. जेमवर जवळपासच्या लष्करी रुग्णालयांच्या लहान बोली येतात, एक-दोन औषधांच्या. त्या घ्या. तुमचा खोका, तुमचं बिल, तुमची गाडी तिथल्या स्टोअरच्या तपासणीतून एकदा जाऊ द्या. फार्मासिस्टने खोका उघडून काय पाहिलं, कशावर बोट ठेवलं हे गाडीवाल्याला नाही, स्वतः जाऊन विचारा. वेळेवर पुरवठा केल्याची प्रमाणपत्रं मागून घ्या, मोठ्या निविदेत अनुभव म्हणून तीच लागतात.

मोठी निविदा निघेल तेव्हा बोलीपूर्व बैठक ठरली असेल तर तिला जा. लहान निर्माते तिथे गप्प बसतात. शंका लेखी द्या, दिलेल्या तारखेच्या आत. उत्तरं सगळ्यांना जाहीर होतात आणि अट अवाजवी असेल तर शुद्धिपत्रक निघू शकतं. बैठक झाल्यावर, दर भरून झाल्यावर तीच शंका काढली तर कोणी ऐकत नाही. सुभेदारसाहेबांनी सांगितलेली पट्टीवरच्या नावाची गोष्टही तिथे सूचना म्हणून मांडा. तुमच्याकडून आली तर ती पुढच्या निविदेची अट होऊ शकते, मग ती सगळ्यांनाच करावी लागेल.

---

निवृत्त_सुभेदार

शिवनेरीसाहेब, ही सूचना पॉलिक्लिनिककडूनही लेखी गेली तर जोर येईल. आमच्या माजी सैनिक संघटनेच्या पुढच्या बैठकीत मांडतो. पिंपळपानताई, फॉइलवर नेमकं काय छापायचं, किती मोठ्या अक्षरात, याचा चार ओळींचा मजकूर इथे लिहून द्याल का? तसाच अर्जाला जोडतो.

---

पिंपळपान

हो काका. नियमात काय बसतं ते एकदा पडताळून दोन दिवसांत इथेच टाकते.